डांगाण बघायचं कसं: भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगडाकडे निघालेल्यांसाठी

शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघायचं, पहाटे बारी गावात गाडी लावायची, टॉर्चच्या उजेडात कळसूबाई चढायची, सूर्योदयाचे फोटो, खाली येऊन पोहे, दुपारी सांदण दरी, संध्याकाळी भंडारदऱ्याला भजी आणि रविवारी घरी. बहुतेकांचा प्लॅन हाच असतो आणि मजाही येते, नाही असं नाही. पण १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर पायाखालून गेलं तरी त्याच्या आजूबाजूचं डांगाण बघायचं राहून जातं. डांगाण म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगरी पट्टा, जिल्हा अहिल्यानगर, आधीचं अहमदनगर. इकडे महादेव कोळी आणि ठाकर लोकांची गावं आहेत, प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्या इथेच उगम पावतात, आणि गड, देवळं, जंगल, भातशेती, धरण हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलंय की एकच गोष्ट सुटी काढून बघितली तर काहीच नीट कळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कसं जायचं, काय बघायचं, कोणाला काय विचारायचं.

सगळ्यात आधी एक करा, यादी छोटी करा. दोन दिवसांत कळसूबाई, रतनगड, सांदण आणि हरिश्चंद्रगड हे चारही करायला जाऊ नका. एक खोरं धरा. प्रवरेचं धरलंत तर शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी धरणाच्या पाण्याभोवती गावं आहेत आणि रस्ता गोल फिरून परत शेंडीला येतो. मुळेचं धरलंत तर पाचनई, आंबित, कुमशेत, कोथळे. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा रतनवाडी किंवा पाचनई यातलं एक गाव घ्या, तिथेच दोन रात्री मुक्काम करा आणि गाडीला हात लावू नका. चालत जेवढं होईल तेवढंच बघायचं. पाचनईतून हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी वाट आहे आणि रतनवाडीतून रतनगड, म्हणजे गडाची हौसही भागते.

कधी जायचं

याला एकच उत्तर नाही आणि म्हणूनच मी सांगतो की एकाच गावात दोन वेगळ्या ऋतूंत जा, शक्यतो एकदा जुलैत आणि एकदा एप्रिलमध्ये. जुलैत घाटघर-रतनवाडीकडे असा पाऊस पडतो की चार हातावरचं दिसत नाही, घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. आणि याच तालुक्याच्या पूर्व टोकाला गेलात की आभाळ नुसतं भरून येतं, पडत काही नाही. कोकणातून चढून आलेले ढग कड्यावर रिकामे होतात आणि पुढे पर्जन्यछाया सुरू होते, शाळेच्या पुस्तकात वाचलेलं हे सगळं इथे एसटीच्या खिडकीतून तासा-दीड तासात बघायला मिळतं.

एप्रिलमध्ये मात्र त्याच गावात बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यापाशी नंबर लावून बसलेल्या दिसतील. एवढा पाऊस पडूनही पाणी का राहत नाही याचं कारण पायाखालच्या खडकात आहे, त्यावर पुढे येतोच.

बाकीचे महिने पटकन सांगतो. मे अखेर ते पहिला जोराचा पाऊस, काजवे. सप्टेंबर-ऑक्टोबर, फुलं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस. नोव्हेंबरात भाताची कापणी आणि खळी. डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, ते अजिबात चुकवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुललेली असते आणि नंतर चैत्र-वैशाखात बोहाडा. दसऱ्याच्या आधी नवरात्रात कळसूबाईवर यात्रा असते, तेव्हा शिखरावर प्रचंड गर्दी होते पण ती गर्दी बघण्यासारखी असते कारण ती ट्रेकरांची नसते, आजूबाजूच्या गावच्या लेकी-सुना, म्हातारी माणसं नवस फेडायला त्या लोखंडी शिड्या चढत असतात.

राहायचं आणि जेवायचं

गावात घरगुती राहायची सोय आता जवळपास सगळीकडे आहे. तंबू लावून डीजे वाजवणारे कॅम्प धरणाच्या काठाला भरपूर झालेत, तिथे राहू नका असं मी स्पष्टच सांगेन. घरी राहिलात तर चार माणसांशी बोलणं होतं आणि पैसे थेट त्या घरात जातात. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं आहात ते सांगा, ऐनवेळी पाचाचे बारा होऊन जाऊ नका, तिथे दुकान लांब असतं आणि भाकऱ्या एकच मावशी थापत असतात. दर आधीच विचारून घ्या आणि मग त्यात घासाघीस करू नका.

जेवायला पनीर मागायचं नाही. जे घरात आहे तेच मागा. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, हुलग्याचं किंवा उडदाचं काहीतरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, भात. पावसाळ्यात गेलात तर रानभाज्या, आणि त्यातही शेवळं मिळाली तर नशीब समजा. पहिल्या पावसात जमिनीतून कोंब वर येतात, त्याची भाजी. ही भाजी नुसती शिजवली तर घशाला भयंकर खाज सुटते म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात, नाहीतर चिंच. कोंबाचा कुठला भाग काढून टाकायचा, किती उकळायचं, हे ज्या हातांना माहीत आहे त्यांच्याकडूनच खा, वाटेत दिसलं म्हणून स्वतः तोडून शिजवायला जाऊ नका. चुलीपाशी बसायला मिळालं तर बसा, विचारून बसा, आणि भाजी निवडायला हात लावा, गप्पा तिथेच होतात.

लहान पोरांना गाडीतून चॉकलेटं वाटत जाऊ नका. कळवळा खरा असतो मान्य, पण मग पोरं प्रत्येक गाडीमागे पळायला लागतात आणि शाळा बुडवून रस्त्यावर थांबतात. काही द्यायचंच असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, गुरुजींना विचारा काय लागतंय, बहुतेक वेळा गोष्टीची पुस्तकं किंवा खेळाचं सामान सांगतात.

दगड आणि पाणी

आता खडक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, आणि त्याचे थरावर थर बसून हा बेसॉल्टचा डोंगर झाला. रतनवाडीच्या बांधावर उभं राहून समोरच्या कड्याकडे बघा, आडव्या रेघा मारल्यासारखे पट्टे दिसतील. उभा काळा कडा म्हणजे घट्ट थर, आणि दोन कड्यांच्या मधली झाडी असलेली तिरकी पट्टी म्हणजे मऊ, भोकाभोकाचा, लवकर झिजणारा थर. गावकऱ्यांच्या आडव्या वाटा, गुरं चारायच्या जागा, पाण्याचे झरे हे बरेचदा त्या मधल्या पट्टीत सापडतात, कारण वरून भेगांमधून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि बाजूने बाहेर येतं. एकदा हे डोळ्याला कळलं की कुठल्याही डोंगराकडे बघून पाणी कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. आणि एप्रिलमध्ये हंडे का लागतात तेही इथेच कळतं, कातळात पाणी साठायला जागा कमी, उतार तीव्र, त्यामुळे पडलेला पाऊस काही तासांत नदीत आणि तिथून धरणात.

गडावरची टाकी याच हिशोबाने खोदलेली आहेत. टाकं बघताना नुसतं वाकून फोटो काढू नका, पाणी त्यात येतं कुठून ते शोधा. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या चरी खणलेल्या दिसतील, पावसाचं पाणी वळवून टाक्यात आणायला, कुठे गाळ बसावा म्हणून आधी एक छोटा खड्डा असतो. ज्या टाक्यातलं पाणी गावातले लोक आणि गुराखी पितात त्यात पाय धुवायचे नाहीत, बाटली विसळायची नाही, पोहायचं तर अजिबात नाही.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत थंडगार कमरेएवढ्या पाण्यात पिंड आहे, भोवती चार खांब होते त्यातला एकच शाबूत राहिलाय. भाविक प्रदक्षिणा घालतात ती त्या पाण्यातून. तिथे साबण, तेल, डिओ लावून उतरू नका.

आणि मग धरण. भंडारदऱ्याचं विल्सन धरण, १९१० ला काम सुरू झालं आणि १९२६ ला पूर्ण, दगडी बांधकामाचं, ८२ मीटर उंच. त्या काळात या जंगलात हे कसं उभं केलं असेल असं वाटतं आणि ते वाटायलाच पाहिजे. पण भिंतीवर उभं राहून एकदा पूर्वेकडे तोंड करा. हे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जातं, तिथला ऊस आणि साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. पाणी पडतं डांगाणात, जमिनी बुडाल्या डांगाणातल्या, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन चालते ती पण डांगाणातलीच बाई. कोणाला दोष द्यायला हे सांगत नाहीये, पण धरण सुंदर दिसतंय एवढंच बोलून निघू नका. काठावरच्या गावात एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारा की जुनं गाव कुठं होतं, ते पाण्याकडे हात करून दाखवतील. घाटघरला आणखी एक बघायला मिळतं, २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प, यात विजेची मागणी असते तेव्हा वरचं पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी परत वर चढवतात. आत जाता येत नाही पण वरचा तलाव रस्त्यावरून दिसतो.

शेत कसं बघायचं

मार्च-एप्रिलमध्ये शेतात काळे चौकोन दिसतील. शहरातले लोक म्हणतात बघा कसं जाळून टाकलंय. तो राब आहे. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर लावून ते हळूहळू जाळतात. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने येतं. त्यासाठी सादड्यासारख्या झाडांच्या फांद्या तोडतात, म्हणून बांधावरची झाडं बोडकी, खांबासारखी दिसतात आणि पावसाळ्यात परत फुटतात. झाडाला हे फार सोसत नाही हेही खरं आणि त्याच्याशिवाय रोप नीट येत नाही हे शेतकऱ्याचं म्हणणंही खरं, दोन्ही ऐकून घ्या.

जुलैत आवणी असते. चिखलात वाकून बायका ओळीने रोपं लावतात आणि वेग असा असतो की बघणाऱ्याची पाठ दुखते. आवणीला हात लावायची इच्छा असेल तर विचारा, बहुतेक जण हसून येऊ देतात, फक्त अर्धा तास रील काढून त्यांचं काम थांबवू नका. पावसाचे ते दिवस गेले की वर्षाचा भात गेला. उतारावर नागली आणि वरई असते, आणि ऑक्टोबरच्या आसपास पिवळाधमक उतार दिसला तर जरा जवळ जाऊन बघा, वावरात ओळीने असेल तर ती खुरासणी आणि सड्यावर आपोआप पसरलेली असेल तर सोनकी. खुरासणीचं तेल काढतात, पेंड गुरांना.

आणि गुरं. डांगी जात बघितली नसेल तर एकदा नीट बघा. पांढऱ्यावर काळे नाहीतर तांबूस ठिपके, अंगाला तेल लावल्यासारखी चकाकी. कातडीतून तेलकट द्राव येतो त्यामुळे तासन् तास मुसळधार पावसात उभं राहूनही जनावर आजारी पडत नाही. जर्सी गाय तिथे एक पावसाळा काढू शकत नाही. राजूरच्या प्रदर्शनात गेलात तर मालक आपल्या वळूबद्दल ज्या अभिमानाने बोलतात ते ऐकण्यासारखं आहे.

बियाण्यात रस असेल तर कोंभाळणे गावाचं नाव ऐकलंच असेल. बीजमाता राहीबाई पोपेरे तिथल्या, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. गावठी वालाचे, भाताचे, भाज्यांचे वाण त्यांनी जपले आणि गावोगावच्या बायकांना जपायला लावले. जायचं असेल तर आधी कळवून जा आणि बियाणं विकत घ्या, आणि घेतलं तर लावा, शोकेसमध्ये ठेवू नका. काळभात मिळाला तर तोही घ्या, तूस काळं पण आतला तांदूळ पांढरा आणि शिजताना वास घरभर.

जंगल

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. म्हणजे नाक्यावर फी भरायची, पावती घ्यायची, ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही, फूल-दगड-ऑर्किड काही घरी न्यायचं नाही.

शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार बघायची असेल तर आधी मान वर करून घरटी शोधा. उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात, एका शेकराची अशी बरीच घरटी असतात. तिथे पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा, आधी आवाज येतो मग झुपकेदार शेपटी दिसते. हिरडा जंगलात फिरताना सारखा भेटेल, उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवून विकतात, बऱ्याच घरांत हातात रोख पैसा येतो तो यातून. अंगणात वाळत घातलेला असेल त्यावरून चालत जाऊ नका एवढं लक्ष ठेवा.

कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते. २०१६ ला आणि मग २०२४ ला सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी फुलली. फुलायची वाट बघू नका, कारवी एरवीही बघा, जुन्या घरांचे कूड तिच्या काठ्यांचे विणलेले असतात आणि वरून शेणमातीने सारवलेले. अशी घरं कमी होत चाललीत, दिसलं तर भिंतीला हात लावून बघा, विचारून.

देवराई लागली तर वागणं बदला. या जंगलाच्या तुकड्यात देवाच्या नावाने शेकडो वर्षं कुऱ्हाड लागलेली नाही, कित्येक ठिकाणी वाळलेलं लाकूड सुद्धा उचलत नाहीत. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि बाहेरच्या जगाला त्याचं महत्त्व कळलं, पण राखलं ते गावाने. चप्पल कुठे काढायची, बायकांनी कुठपर्यंत जायचं, फोटो चालतो का, हे प्रत्येक गावात वेगळं असतं. तुम्हाला पटो न पटो, आत शिरायच्या आधी विचारा.

काजव्यांबद्दल जरा जास्त सांगतो कारण तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. नर लुकलुकतो तो मादीला बोलवायला, मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते, आणि हे सगळं त्यांच्या थोड्याच दिवसांच्या पंखवाल्या आयुष्यात उरकायचं असतं. तुमच्या गाडीचा हेडलाइट, मोबाइलचा फ्लॅश पडला की तो संवादच तुटतो. म्हणून अंधार पडायच्या आत पोचा, गाडी लांब लावा, टॉर्चला लाल कागद किंवा कापड बांधा आणि तोही जमिनीकडेच धरा, झाडाखाली शिरू नका कारण गवतात माद्या असतात. शनिवारी तर अजिबात जाऊ नका, मंगळवार-बुधवार बघा. मोबाइलवर काजवे नीट येत नाहीत, तो खिशात ठेवा. वनखात्याने वेळा ठरवून दिलेल्या असतात त्या पाळा.

जुन्या गोष्टी वाचायला शिका

रतनवाडीचं अमृतेश्वर शिलाहारांच्या काळातलं मानतात. आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या माळा खालून वर गेलेल्या दिसतात, सिन्नरचं गोंदेश्वर बघितलं असेल तर लगेच ओळख पटेल, तीच भूमिज पद्धत. शेजारची पुष्करणी बघा आणि मग आत जा. सकाळी लवकर गेलात तर तिरक्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट वाटतं.

डांगाणात काय किंवा घाटावर कुठेही काय, देवळाच्या आसपास वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असतोच, अर्धा मातीत गाडलेला, शेंदूर फासलेला. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो, तिथे गाई कोरलेल्या असतील तर तो गुरं वाचवताना मेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहील. त्या आडव्या माणसाच्या पायाशी कोरलेलं बोटाएवढं वासरू एकदा दिसलं की मग पुढचा प्रत्येक दगड तुम्ही वाकून बघणार. पाणी ओतून, खडूने रेघा मारून वाचायचा प्रयत्न करू नका, बाजूने टॉर्च मारा, पुरतं.

गडांच्या बाबतीत लोक पेशवाईपर्यंत येऊन थांबतात. त्यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे, निदान इथे. १८१८ ला राज्य गेलं, इंग्रजांनी बऱ्याच गडांच्या वाटा-पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, अलंग-मदन-कुलंगला तुटलेल्या पायऱ्या आजही दिसतात. पण नुसती वाट तुटली नाही, गडाच्या राखणीवर ज्या कोळी घराण्यांचं पोट होतं त्यांची वतनं आणि हक्क गेले, वर सावकारी आली. त्यातून उठाव झाले. देवगावचे राघोजी भांगरे १८४० च्या दशकात सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उभे राहिले, शेवटी पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १८५७ च्या नऊ वर्षं आधी. रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, वारा खात बसाल तेव्हा खालच्या प्रत्येक वाडीकडे बघा, या इतिहासातली माणसं तिथली आहेत.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसावं अशी सगळ्यांची इच्छा असते, इंग्रज अधिकारी कर्नल साईक्सने तिथे ते बघून नोंद केली होती. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे आणि समोर दरीत ढग भरलेले, असं जमून आलं तर ढगावर तुमची सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. पावसाळा सरताना शक्यता जास्त. कड्याच्या टोकाला उभं राहू नका, पोटावर झोपून पुढे सरका.

माणसं आणि सण

"इथला इतिहास काय हो?" असं विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो नाहीतर यूट्यूबवरचंच सांगतो. त्यापेक्षा या खाचराला, म्हणजे भाताच्या वावराला, काय नाव आहे, पलीकडे कोकणात उतरायला कुठली वाट, तुमच्या लहानपणी कोकणातून काय काय डोक्यावर आणायचे, चोंढे घाटाने सोयरिकी व्हायच्या का, असं विचारा. प्रत्येक शेताला, ओहोळाला, मोठ्या दगडाला नाव असतं आणि नावामागे काहीतरी झालेलं असतं. लिहून घ्या. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारा, आणि नंतर ती क्लिप त्यांच्या नातवाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, हे मात्र विसरू नका. फोटोंचंही तेच, दोन-चार प्रिंट काढून पुढच्या वेळी घेऊन जा.

वाघबारस दिवाळीच्या आधी, बाकी महाराष्ट्र वसुबारस करतो त्याच दिवशी. वाघोबाच्या दगडापाशी गुराखी आणि गावकरी जमतात, गोडधोड करतात आणि गुरांना, माणसांना सांभाळ म्हणून मागणं मागतात. ज्या जंगलात बिबट्या आहे तिथे गुरं चारणाऱ्याने वाघालाच देव मानणं, यातलं शहाणपण तिथे उभं राहिल्यावर कळतं. बोहाड्यात रात्रभर देव-दैत्यांची सोंगं संबळाच्या तालावर नाचतात, कुठलं सोंग कोणाच्या घराकडे हे ठरलेलं असतं आणि तो मान असतो. हे दोन्ही गावाचं देवाचं काम आहे, बोलावणं असेल किंवा ओळखीचं घर असेल तर जा, मागच्या बाजूला बसा, मुखवट्याला हात लावू नका आणि वर्गणीची पावती फाडा.

जपून

पावसात सांदण दरीत उतरायचं नाही, वर कुठेतरी पाऊस झाला तरी आत पाणी भरतं आणि बाहेर पडायला बाजूला जागाच नसते. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथे सेंट, सिगारेट, शेकोटी, आरडाओरडा काही नको, माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळत सुटा. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला चालवू नका, पाय किंवा हात हलणार नाही असा बांधून राजूर किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्याकडे निघा. गावातला वाटाड्या घ्या, वाट माहीत असली तरी घ्या, धुक्यात जीपीएस कड्यापाशी नेऊन सोडतं. ११२ लक्षात ठेवा, पण बऱ्याच वाड्यांत रेंज नसते म्हणून कुठे चाललोय आणि कधी परत येणार हे राहत्या घरी सांगून निघा. आणि सुट्टे पैसे भरपूर न्या, रेंज नसली की यूपीआय पण चालत नाही आणि एटीएम या वाड्यांत शोधत बसू नका.